एलडॅप फिल्टर बरोबर दिसतो, एरर येत नाही, तरी रिझल्ट चुकतो : कुठे बघायचं

एलडॅप ही डिरेक्टरीत, म्हणजे माणसं, खाती, ग्रुप यांच्या नोंदी (एंट्र्या) जिथे असतात तिथे, शोधायची पद्धत, आणि फिल्टर म्हणजे त्या शोधाची कंसात लिहिलेली अट. त्यातली ही अडचण परत परत येते आणि दरवेळी वेगळं सोंग घेऊन येते. फिल्टर लिहिला, चालवला, एरर काहीच नाही, आणि समोर एकतर शून्य एंट्र्या, नाहीतर अख्खी डिरेक्टरी, नाहीतर जवळपास बरोबर यादी, ज्यात चारदोन माणसं गायब असतात. हे तिसरं सगळ्यात वाईट, कारण त्या चारदोन जणांपैकी कोणाचं तरी लॉगिन बंद पडेपर्यंत ते कोणाच्या लक्षातच येत नाही. किंवा उलटं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं फिल्टरमधून निसटतं आणि महिनोन्‌महिने चालू राहतं. म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, फिल्टरवरून लोकांना दार उघडतं आणि बंद होतं.

अशा वेळी बहुतेक जण कंस इकडचे तिकडे करत बसतात. पण एरर आली नाही म्हणजे कंस बहुतेक वेळा बरोबरच असतात, घोळ दुसरीकडे असतो. खाली जे लिहिलंय ते मी ज्या क्रमाने तपासतो त्या क्रमाने आहे. उदाहरणांमधली नावं आणि आकडे देवनागरीत आहेत, कमांडमध्ये टाकताना अर्थातच रोमन अक्षरं आणि साधे आकडे टाकायचे.

आधी बघा, सर्व्हरला नक्की काय मिळालं

तुम्ही लिहिलेला फिल्टर आणि सर्व्हरपर्यंत पोचलेला फिल्टर एकच आहे असं धरून चालू नका. मध्ये शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) असतो, ॲप असतं, ॲपच्या आतली लायब्ररी असते. शेलमध्ये अँड, पाइप, कंस, स्टार, उद्गारचिन्ह या सगळ्यांना स्वतःचा अर्थ आहे, म्हणून फिल्टर कायम सिंगल कोटमध्ये टाका, डबल कोटमध्ये उद्गारचिन्हाला बॅश हा शेल कधीकधी जुनी कमांड परत बोलावण्याची खूण समजतो. आणि फिल्टर चॅटमधून किंवा वर्ड फाइलमधून कॉपी केला असेल तर कोट वाकडे झालेत का, डॅश लांब झालाय का, शेवटी स्पेस चिकटलीय का ते बघा, डोळ्याला फरक दिसत नाही पण सर्व्हरला दिसतो.

एलडॅपसर्च, म्हणजे फिल्टर चालवायची कमांड, तिची एक खोड माहीत असायला हवी. फिल्टरच्या जागी जे आलं त्यात बरोबरचं चिन्हच (=) नसेल तर ते त्याला फिल्टर समजत नाही, ॲट्रिब्यूटचं (एंट्रीतल्या एका रकान्याचं) नाव समजतं, आणि फिल्टर म्हणून स्वतःचा डिफॉल्ट लावतं, (ऑब्जेक्टक्लास=*), म्हणजे झाडून सगळं. स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल रिकामं राहिलं की अख्खी डिरेक्टरी येते ती यामुळे. आउटपुटच्या सुरुवातीला कॉमेंटमध्ये तो वापरलेला फिल्टर छापतो, पण बहुतेक जण तीन एलवाला (-एलएलएल) ऑप्शन लावतात आणि त्याने नेमक्या त्या कॉमेंट गायब होतात. तपासताना तो ऑप्शन काढा.

ॲप असेल तर सरळ सर्व्हरचा लॉग बघा. बऱ्याच ॲपमध्ये तुम्ही सेटिंगमध्ये दिलेला फिल्टर ते स्वतःच्या फिल्टरला अँडने जोडतं, आणि तो जोडलेला भाग स्क्रीनवर कुठे दिसतच नाही. ओपनएलडॅप या एलडॅप सर्व्हरमध्ये लॉगलेव्हल स्टॅट्स, म्हणजे २५६, ठेवलं की प्रत्येक सर्चचा बेस (डिरेक्टरीच्या झाडात शोध कुठून सुरू), स्कोप (किती खोल), फिल्टर आणि पुढे एरर कोड आणि किती एंट्र्या गेल्या ते दिसतं. बेस आणि स्कोप पण तिथेच वाचून घ्या. स्कोप 'वन' असेल तर फक्त एक पातळी खाली बघितलं जातं, नातवंडं येत नाहीत, आणि यात अर्धा दिवस घालवणारे लोक खूप आहेत.

तीन उत्तरं असतात, दोन नाहीत

आता मुख्य मुद्दा, हा नीट डोक्यात बसला की निम्म्याहून जास्त केसेस आपोआप उलगडतात. एलडॅपच्या फिल्टरचं उत्तर हो किंवा नाही एवढंच नसतं. तिसरं उत्तर आहे, 'ठरवता येत नाही'. २००६ च्या आरएफसी ४५११ मध्ये, म्हणजे एलडॅपच्या अधिकृत नियमावलीत, हे स्पष्ट लिहिलंय. आणि एंट्री तुमच्याकडे येते ती फक्त उत्तर 'हो' असेल तरच. 'नाही' आणि 'ठरवता येत नाही' हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात : काही येत नाही, एरर नाही, एकदम सक्सेस.

'ठरवता येत नाही' कधी होतं? ॲट्रिब्यूटचं नाव सर्व्हरच्या स्कीमात (कोणती ॲट्रिब्यूट चालतात आणि कशी, याच्या यादीत) नाही. किंवा ॲट्रिब्यूट आहे पण तुम्ही जी तुलना मागताय तिचा नियम त्याला लावलेला नाही. किंवा दिलेली व्हॅल्यू त्या प्रकारात बसत नाही. किंवा जो मॅचिंग रूल (तुलनेचा नियम) मागितलाय तो सर्व्हरला माहीत नाही.

आणि खरा दणका इथे बसतो : 'ठरवता येत नाही' याला नॉट (उत्तर उलटं करणारं ! चिन्ह) लावला तरी ते 'ठरवता येत नाही'च राहतं, त्याचं 'हो' होत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) लिहिलेला फिल्टर कोणीतरी ओपनएलडॅपवर आणला :

(&(ऑब्जेक्टक्लास=आयनेटऑर्गपर्सन)(!(डिपार्टमेंट=अकाउंट्स)))

पहिलं चिन्ह अँडचं, आणि आयनेटऑर्गपर्सन हा माणसांच्या एंट्रीचा प्रकार. अर्थ सरळ आहे, अकाउंट्स सोडून सगळी माणसं द्या. येतात शून्य. माणूस म्हणतो अरे, निदान बाकीचे लोक तरी यायला हवेत ना! पण डिपार्टमेंट हे नाव ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं आहे, आयनेटऑर्गपर्सनमध्ये डिपार्टमेंटनंबर असतं. ओपनएलडॅपच्या नेहमीच्या स्कीमात डिपार्टमेंट नाहीच. म्हणून आतला तुकडा 'ठरवता येत नाही', नॉट लावून पण तेच, आणि अँडमध्ये 'हो' बरोबर ते आलं की सगळंच 'ठरवता येत नाही'. प्रत्येक एंट्रीसाठी. म्हणून शून्य.

लॉगमध्ये याची खूण सापडते आणि ती बघायची सवय लावा. ओपनएलडॅप फिल्टर छापताना अनोळखी तुकड्याच्या आत नावाआधी प्रश्नचिन्ह लावतो :

(&(ऑब्जेक्टक्लास=आयनेटऑर्गपर्सन)(!(?डिपार्टमेंट=अकाउंट्स)))

ते एक प्रश्नचिन्ह दिसलं की शोध संपला, नाव दुरुस्त करा किंवा स्कीमा लोड करा. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या आणखी एका एलडॅप सर्व्हरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ॲक्सेस लॉगच्या रिझल्ट ओळीत नोट्स=एफ असं येतं, त्याचा अर्थ पण हाच, फिल्टरमध्ये स्कीमात नसलेलं ॲट्रिब्यूट आहे.

हाच अनोळखी तुकडा ऑरमध्ये (| चिन्ह) असेल तर मात्र काही बिघडत नाही, कारण दुसऱ्या बाजूला 'हो' आलं की ऑर 'हो' होतो. म्हणून (|(यूआयडी=अमुक)(सॅमअकाउंटनेम=अमुक)) हा लॉगिन-नावाचा फिल्टर ओपनएलडॅप आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी दोन्हीकडे चालतो आणि लोकांना वाटतं की अनोळखी ॲट्रिब्यूटने काही फरक पडत नाही. पडतो, फक्त ऑरने झाकला जातो.

ॲट्रिब्यूट स्कीमात आहे पण एंट्रीवर नाही

ही वेगळी गोष्ट आहे आणि इथे उत्तर बरोबर उलटं येतं. ॲट्रिब्यूट सर्व्हरला माहीत आहे, पण त्या माणसाच्या एंट्रीवर भरलेलंच नाही, तर (डिपार्टमेंट=अकाउंट्स) चं उत्तर स्वच्छ 'नाही' आणि नॉट लावल्यावर स्वच्छ 'हो'. म्हणजे रिकामं असलेले सगळे येतात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतून आलेल्या माणसाला हे हमखास चकवतं, कारण तिथे नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, असलेली रो 'बरोबर नाही' या अटीत गळून पडते, इथे ती आत येते.

रिकामे नको असतील तर तसं सांगावं लागतं : (&(डिपार्टमेंट=*)(!(डिपार्टमेंट=अकाउंट्स))).

आता हे लॉगिनच्या फिल्टरला लावून बघा. (!(स्टेटस=बंद)) असा फिल्टर ठेवला की ज्या एंट्रीत स्टेटस भरायचं राहून गेलं ती चालू धरली जाते. खातं बनवणारी स्क्रिप्ट मध्येच अडकली, स्टेटस लिहिलं गेलं नाही, तरी दार उघडं. माझं म्हणणं ठाम आहे, ॲक्सेस देणारा फिल्टर नॉटवर उभा करू नये, (स्टेटस=चालू) असा होकारार्थी लिहावा. मग चुकून राहिलेला माणूस बाहेर राहील आणि स्वतः येऊन तक्रार करेल, आत राहिलेला कधीच तक्रार करत नाही.

एकाच ॲट्रिब्यूटला अनेक व्हॅल्यू असल्या की आणखी एक गंमत होते. प्रत्येक तुकडा 'कोणतीही एक व्हॅल्यू जुळते का' एवढंच बघतो. मेलच्या दोन व्हॅल्यू आहेत, एक जुन्या डोमेनची एक नव्या, तर जुनं डोमेन वगळणारा नॉट त्या माणसाला पूर्णच वगळतो, नवा पत्ता असला तरी. आणि रेंजमध्ये (&(कोड>=५)(कोड<=१०)) लिहिलं आणि एंट्रीवर ३ आणि १२ असे दोन कोड असले तर एंट्री येते, कारण १२ ने पहिली अट भागवली आणि ३ ने दुसरी. पाच ते दहाच्या मधलं काहीच नसताना! यावर फिल्टरमध्ये इलाज नाही, क्लायंटमध्ये परत चाळावं लागतं.

तुकडे करा, आणि प्रत्येकाची तीन माणसांवर परीक्षा घ्या

मोठा फिल्टर अख्खा बघून काही कळत नाही. एक माणूस निवडा जो यायला हवा आणि येत नाही, त्याच्या एंट्रीचा डीएन (झाडातला पूर्ण पत्ता) बेस म्हणून द्या, स्कोप 'बेस' (फक्त ती एकच एंट्री) ठेवा, आणि फिल्टरचा एकेक तुकडा वेगवेगळा चालवा. आता उत्तर फक्त एक किंवा शून्य येईल, डोकं शांत राहतं. तुकड्याला शून्य आलं की त्याच तुकड्याला नॉट लावून परत चालवा. नॉटला एक आलं म्हणजे उत्तर खरोखर 'नाही' होतं, व्हॅल्यू तपासा. नॉटला पण शून्य आलं म्हणजे तुम्ही तिसऱ्या उत्तरात अडकलाय, मग स्कीमा, मॅचिंग रूल किंवा परवानगी. ही एक युक्ती लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मग हेच जो यायला नको आणि येतोय अशा माणसावर करा, आणि जो बरोबर येतोय त्याच्यावर पण, नाहीतर एकाला दुरुस्त करताना दुसरा बिघडतो.

परवानगीचं सांगायचं तर ओपनएलडॅपमध्ये फिल्टरमधल्या ॲट्रिब्यूटवर 'सर्च' पातळीची परवानगी लागते, एंट्री दिसायला आणि व्हॅल्यू वाचायला 'रीड' लागते, आणि २.४ पासून सर्चच्या बेसवर पण 'सर्च' लागते. ॲडमिन म्हणून सगळं येतं आणि ॲपच्या खात्याने शून्य येतं तेव्हा दुसरीकडे कुठे बघू नका. आणि परवानगी नसेल तर नॉट लावून पण एंट्री येत नाही, वरच्यासारखंच. म्हणून तपास कायम ॲपच्याच खात्याने बाइंड (लॉगिन) करून करा, ॲडमिनच्या खात्याने केलेला तपास फुकट. आपण नक्की कोण म्हणून आत आलोय हे एलडॅपहूॲमआय कमांड सांगते. पासवर्ड रिकामा गेला की काही सर्व्हर बाइंड यशस्वी म्हणतात पण तुम्हाला अनामिक धरतात, ॲक्टिव्ह डिरेक्टरी असंच करते आणि मग सर्चला ऑपरेशन्स एरर देते, की आधी नीट बाइंड करा. निदान तिथे एरर तरी येते.

व्हॅल्यू आणि मॅचिंग रूल

व्हॅल्यू तपासताना एंट्री कच्ची एलडीआयएफमध्ये (एलडॅपचा साधा मजकूर फॉरमॅट) काढा आणि कोलन मोजा. ॲट्रिब्यूटच्या नावापुढे एक कोलन असेल तर व्हॅल्यू साधी आहे, दोन कोलन असतील तर ती बेस६४ मध्ये (सांकेतिक अक्षरांत) आहे. नाव साधं इंग्रजी अक्षरांतलं आहे आणि तरी दोन कोलन दिसतायत, म्हणजे आत काहीतरी लपलंय, शेवटी स्पेस असेल, मधे न दिसणारं अक्षर असेल. डिकोड करून बाइट बघा. एक्सेलमधून इंपोर्ट केलेल्या डिरेक्टरीत हे फार सापडतं.

मग येतो मॅचिंग रूल, म्हणजे त्या ॲट्रिब्यूटची तुलना कशी करायची ते स्कीमाने ठरवलेलं असतं. यूआयडीला (लॉगिनचं नाव) लहान-मोठी, म्हणजे स्मॉल-कॅपिटल, अक्षरं सारखीच, पण मेंबरयूआयडीला (ग्रुपच्या एंट्रीतली सभासदांची नावं) नाही, तिथे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. त्यामुळे कॅपिटल अक्षराने लॉगिन करणारा माणूस आत येतो पण त्याचे ग्रुप येत नाहीत, आणि सगळे ग्रुपच्या सेटिंगमध्ये शोधत बसतात. उपाय म्हणजे ॲपने यूआयडी टाइप केलेली न वापरता एंट्रीवरून परत वाचलेली वापरायची.

मोठं-लहान तुलना करताना पहिली गोष्ट, एलडॅपमध्ये नुसतं 'पेक्षा मोठं' किंवा 'पेक्षा लहान' नाही, फक्त >= आणि <= आहेत. दुसरी, त्या ॲट्रिब्यूटला ऑर्डरिंगचा (क्रम लावायचा) नियम असावा लागतो. ओपनएलडॅपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये यूआयडीनंबरला फक्त इक्वॅलिटी (सारखं आहे का) आहे, त्यामुळे (यूआयडीनंबर>=१०००) ला शून्य, आणि नॉट लावला तरी शून्य. आयनेटऑर्गपर्सनमधला एम्प्लॉयीनंबर तर आकडा नाहीच, स्ट्रिंग आहे, आणि त्याला पण ऑर्डरिंग नाही. जिथे स्ट्रिंगची क्रमवारी चालते तिथे ९०० हे १००० पेक्षा मोठं ठरतं, कारण तुलना डावीकडून अक्षरागणिक होते. स्कीमा बघायचा असेल तर रूट डीएसईवरून (सर्व्हरची स्वतःची माहिती देणारी एंट्री) सबस्कीमाची (जिथे स्कीमा असतो ती) एंट्री काढा आणि ॲट्रिब्यूटची व्याख्या वाचा, त्यात इक्वॅलिटी, ऑर्डरिंग, सबस्ट्रिंग (व्हॅल्यूचा तुकडा जुळवणं) यांपैकी काय लिहिलंय तेवढंच चालणार. जे लिहिलं नाही ते काही वेळा वरच्या, म्हणजे सुपर ॲट्रिब्यूटकडून मिळतं, तो पण बघा.

मेंबरऑफसारख्या (माणूस कोणत्या ग्रुपमध्ये आहे) डीएन असलेल्या ॲट्रिब्यूटना सबस्ट्रिंग नसते. (मेंबरऑफ=सीएन=सेल्स*) हा फिल्टर लोक रोज लिहितात आणि रोज शून्य येतं. पूर्ण डीएन द्यावाच लागतो.

कंस, स्टार आणि उलटी रेघ व्हॅल्यूत असतील तर

आरएफसी ४५१५ प्रमाणे व्हॅल्यूमधल्या या चिन्हांच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि त्या बाइटचा दोन अंकी हेक्स कोड लिहायचा. डावा कंस \२८, उजवा कंस \२९, स्टार \२ए, उलटी रेघ स्वतः \५सी, नल बाइट \००. ग्रुपच्या नावात कंस आहे आणि फक्त तोच ग्रुप चालत नाही, तर कारण हेच. नुसता \( लिहून भागत नाही.

सगळ्यात जास्त छळणारी केस म्हणजे डीएनमध्ये स्वल्पविराम. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सीएन (एंट्रीचं नाव) बरेचदा 'आडनाव, नाव' असा ठेवतात, आणि डीएन लिहिताना तो स्वल्पविराम डीएनच्या नियमाने, म्हणजे आरएफसी ४५१४ प्रमाणे, 'आडनाव\, नाव' असा होतो. आता हा डीएन फिल्टरमध्ये टाकायचा तर त्यातली उलटी रेघ परत फिल्टरच्या नियमाने बदलावी लागते : (मॅनेजर=सीएन=आडनाव\५सी, नाव,ओयू=…). दोन वेगळे नियम, एकावर एक, आणि क्रम पण हाच, आधी डीएनचा मग फिल्टरचा. कोडमध्ये हे हाताने करू नका, प्रत्येक चांगल्या लायब्ररीत यासाठी फंक्शन असतं, ते वापरा. यूजरने टाइप केलेलं नाव एस्केप न करता फिल्टरमध्ये चिकटवलं तर कोणीही स्टार टाकून किंवा कंस बंद करून तुमचा फिल्टर बदलू शकतो, तो सरळ सरळ सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यात तडजोड नको.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नेहमी अडणाऱ्या जागा

(ऑब्जेक्टक्लास=यूजर) ला कॉम्प्युटर पण येतात, कारण तिथे कॉम्प्युटर हा क्लास यूजरपासूनच बनलाय. (&(ऑब्जेक्टकॅटेगरी=पर्सन)(ऑब्जेक्टक्लास=यूजर)) लिहा. नुसतं पर्सन लिहिलं तर काँटॅक्ट येतात, दोन्ही लागतात.

बंद खाती शोधायला (यूजरअकाउंटकंट्रोल=५१४) लिहू नका. तो आकडा म्हणजे बिटांची बेरीज आहे, ५१२ साधं खातं आणि २ म्हणजे बंद. त्याच माणसाचा पासवर्ड कधी संपत नाही असा ठेवला असेल तर त्यात ६५५३६ मिळतात आणि आकडा ६६०५० होतो, मग तुमच्या यादीत तो नाही. बिट तपासायचा मॅचिंग रूल आहे : (यूजरअकाउंटकंट्रोल:१.२.८४०.११३५५६.१.४.८०३:=२). ८०३ म्हणजे दिलेले सगळे बिट हवेत, ८०४ म्हणजे त्यातला कोणताही चालेल.

ग्रुपच्या बाबतीत दोन गोष्टी. मेंबरऑफमध्ये प्रायमरी ग्रुप नसतो, म्हणून डोमेन यूजर्सचा (बहुतेकांचा प्रायमरी ग्रुप) डीएन देऊन शोधलं की हजारो माणसांच्या डोमेनमध्ये जवळपास कोणीच सापडत नाही, त्यासाठी (प्रायमरीग्रुपआयडी=५१३) आहे. आणि मेंबरऑफ फक्त थेट सभासद दाखवतं, ग्रुपमधल्या ग्रुपचे लोक हवे असतील तर १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा रूल लावावा लागतो, मोठ्या डोमेनमध्ये तो हळू चालतो, तेवढं धरून चाला. तसंच मोठ्या ग्रुपचा मेंबर ॲट्रिब्यूट एका दमात येत नाही, १५०० नंतर तुटतो आणि नावापुढे रेंज लागून येतो, क्लायंटला ते कळलं नाही तर मेंबर रिकामाच दिसतो.

तारखांचं प्रकरण वेगळंच. लास्टलॉगॉन एका डोमेन कंट्रोलरवरून (ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा सर्व्हर) दुसऱ्यावर जातच नाही, ज्याला विचाराल त्याचं उत्तर वेगळं. लास्टलॉगॉनटाइमस्टँप जातो, पण डिफॉल्ट सेटिंगमध्ये तो मुद्दाम ९ ते १४ दिवसांपर्यंत मागे राहू शकतो, त्यामुळे गेल्या आठवड्यात कोण आलं नाही हे त्यावरून ठरवायचं नाही. आणि जो कधीच लॉगिन झाला नाही त्याच्यावर तो ॲट्रिब्यूटच नसतो, <= वाल्या फिल्टरमध्ये तो येणार नाही, त्याला वेगळा तुकडा हवा. अकाउंटएक्स्पायर्समध्ये 'कधीच संपत नाही' हे दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं, ० किंवा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. म्हणजे 'आजच्या आधी संपलेली खाती' असा <= वाला फिल्टर लावला की ० वाली सगळी चालू खाती त्यात येतात. त्या यादीवर कोणी डोळे मिटून डिलीट चालवलं तर काय होईल ते सांगायला नको, (!(अकाउंटएक्स्पायर्स=०)) जोडा.

पोर्ट पण बघा. ३२६८ म्हणजे ग्लोबल कॅटलॉग, तिथे सगळ्या फॉरेस्टच्या (एकत्र जोडलेल्या डोमेनच्या) एंट्र्या असतात पण ॲट्रिब्यूट थोडेच. तिथे नसलेल्या ॲट्रिब्यूटवर फिल्टर लावला तर ३८९ वर येणारा माणूस ३२६८ वर येत नाही. आणि कॅनॉनिकलनेमसारखे जे ॲट्रिब्यूट सर्व्हर वाचताना बनवतो ते फिल्टरमध्ये चालतच नाहीत, वाचता येतात तेवढेच.

यादी बरोबर पण अपुरी

आकडा गोल आला की शंका घ्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका वेळी १००० देते, ओपनएलडॅपचं डिफॉल्ट ५००, ३८९ डिरेक्टरी सर्व्हरचं २०००. तेव्हा एरर कोड ४ येतो, साइझ लिमिट, पण स्क्रिप्टमध्ये एरर आउटपुट कचऱ्यात टाकलेला असेल तर कोणाला दिसणार! पेज्ड रिझल्ट्स (उत्तर तुकड्यातुकड्याने मागणं) वापरा. मात्र ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पेजिंगने सगळं मिळतं, ओपनएलडॅपमध्ये पेजिंग केलं तरी एकूण मर्यादा लागूच राहते, ती त्या खात्यासाठी सर्व्हरवरच वाढवावी लागते.

ओपनएलडॅपमध्ये इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेली सूची) हे आणखी एक कारण. इंडेक्स नसेल तर सर्च हळू होतो पण उत्तर बरोबर येतं, लॉगमध्ये 'नॉट इंडेक्स्ड' अशी ओळ पडते इतकंच. ती ओळ बघून कोणीतरी जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये इंडेक्स वाढवतो, सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि स्लॅपइंडेक्स (आधीच्या एंट्र्यांचा इंडेक्स बनवणारी कमांड) चालवायचं राहतं. आता सर्व्हर इंडेक्सवर विश्वास ठेवतो, पण त्यात जुन्या एंट्र्या नाहीत, म्हणून जुने लोक गायब आणि नवे बरोबर. जुने-नवे अशी फाळणी दिसली की सर्व्हर थांबवून स्लॅपइंडेक्स चालवा, आणि ते सर्व्हर ज्या यूजरखाली चालतो त्याच यूजरने चालवा, रूटने चालवलं तर फाइलींची मालकी बदलते आणि सर्व्हर उठत नाही. कॉन्फिग डिरेक्टरीतच ठेवलेली असेल तर इंडेक्स मागे आपोआप बनतो, तो पूर्ण होईपर्यंत थांबा.

मेंबरऑफचं ओव्हरले (सर्व्हरला जोडायचा जादा भाग) ओपनएलडॅपमध्ये असंच वागतं. ते चालू केल्यानंतर जे ग्रुप बदलले त्यांचंच मेंबरऑफ भरतं, आधीच्या ग्रुपचं नाही. जुन्या ग्रुपमधले सभासद काढून परत घालावे लागतात. शिवाय तिथे तो ऑपरेशनल ॲट्रिब्यूट आहे, नाव घेऊन किंवा अधिकचं चिन्ह देऊन मागितला तरच दिसतो, फिल्टरमध्ये मात्र न मागता चालतो.

एवढं करून पण एकच फिल्टर कधी बरोबर कधी चूक असं होत असेल तर तो एकाच सर्व्हरला जात नाहीये. लोड बॅलन्सरचं (सर्व्हरांमध्ये काम वाटणारा) नाव सोडा, प्रत्येक सर्व्हरच्या पत्त्यावर तोच फिल्टर वेगळा चालवा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवा. ओपनएलडॅपमध्ये बेस एंट्रीवरचा काँटेक्स्टसीएसएन (शेवटच्या बदलाची खूण) दोन्हीकडे सारखा आहे का बघा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत रेपॲडमिन कमांडने रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर जाणं) कुठे अडकलंय ते बघा. सीएसएन सारखा आणि आकडे वेगळे, तर दोन्ही सर्व्हरांचा स्कीमा, एसीएल (परवानग्या) आणि इंडेक्सची सेटिंग ताडून बघा, कारण डेटा रेप्लिकेट होतो म्हणून कॉन्फिग पण होतोच असं नाही.